बेसमेंट भाड्याने द्यायचंय? आधी पाणी, मग वाट, मग आग

टोरांटोच्या आसपास, म्हणजे ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन, स्कारबरोकडे, मराठी माणसाने घर घेतलं की लवकरच बेसमेंटचा विषय निघतो. खाली सहाशे-सातशे चौरस फूट जागा फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), वॉटर हीटर आणि रिकाम्या बॅगा सांभाळत पडून असते. भाड्याने दिली तर मॉर्गेजचा भार हलका होतो, आणि शिकायला आलेल्या मुलांना किंवा नव्याने आलेल्या जोडप्याला परवडणारं घर मिळतं. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत.

पुण्या-मुंबईत तळघर म्हणजे पार्किंग नाहीतर गोदाम, तिथे राहायची परवानगी नसते. ओंटारियोत दंव पायाखाली शिरू नये म्हणून पाया किमान चार फूट खोल न्यावाच लागतो. एवढं खणलंच आहे तर आणखी थोडं खणून पूर्ण मजला करायचा, असा इथल्या बेसमेंटचा हिशोब. पण घर बांधताना तो मजला बहुतेक वेळा राहण्यासाठी बांधलेला नसतो. भिंतीबाहेर ओली माती असते, छत बुटकं असतं, खिडक्या पत्रपेटीएवढ्या आणि बाहेर पडायला एकच जिना. त्याचं स्वतंत्र घर करायचं तर पैसे आणि लक्ष आधी ड्रायवॉलच्या, म्हणजे भिंती-छताला मारायच्या जिप्समच्या पाट्यांच्या, मागे जाणाऱ्या कामांना द्यायचं. टाइल, क्वार्ट्झचा ओटा, छतातले दिवे नंतरही बदलता येतात. स्लॅबखालचा, म्हणजे बेसमेंटच्या काँक्रीटच्या जमिनीखालचा, पाइप आणि छतातला अग्निरोधक थर पुन्हा उघडायचा म्हणजे सगळं तोडणं आलं.

परमिट

नोव्हेंबर २०२२ मध्ये ओंटारियोने कायदा बदलला. शहराचं पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या बहुतेक निवासी भूखंडांवर आता तीन घरांपर्यंत परवानगी मिळते, त्यामुळे ‘आमच्या भागात बेसमेंट चालत नाही’ ही अडचण बरीचशी गेली. बिल्डिंग परमिट मात्र लागतंच, आणि काही शहरांत वेगळी नोंदणीही करावी लागते. नकाशे बीसीआयएन क्रमांक (बिल्डिंग कोडखालची प्रांताची नोंदणी) असलेल्या डिझायनरकडून करून घ्या. स्वतःच्या घराचे नकाशे मालकाला स्वतः काढता येतात, पण दोन घरांमधल्या अग्निरोधक विभागणीचा तपशील नवख्याला जमत नाही आणि नकाशे परत येतात. १ जानेवारी २०२५ पासून नवा बिल्डिंग कोड लागू आहे. त्यामुळे मित्राच्या जुन्या मंजूर नकाशाची नक्कल करू नका.

परमिटशिवाय केलेलं काम वर्षानुवर्षं चालतंही. मग एखाद्या दिवशी शेजारी तक्रार करतो, किंवा खाली आग लागते आणि विमा कंपनी हात वर करते. खाली झोपलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना इथे काटकसर करणं आम्हाला अजिबात पटत नाही.

आधी उंची मोजा

पहिल्या दिवशी टेप घेऊन खाली जा. राहण्याच्या जागेत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर तयार उंची १.९५ मीटर, म्हणजे जेमतेम ६ फूट ५ इंच, हवी. बीम आणि डक्टखाली (डक्ट म्हणजे गरम हवेची पत्र्याची नळी) १.८५ मीटर चालते. ही उंची सगळं बसवून झाल्यावरची आहे, आणि तिथेच गणित चुकतं.

समजा स्लॅबपासून जॉइस्टच्या, म्हणजे वरचा मजला पेलणाऱ्या लाकडी तुळयांच्या, खालच्या कडेपर्यंत साडेसहा फूट आहेत, म्हणजे १९८१ मिमी. वरून लवचीक पत्र्याची पट्टी, म्हणजे रेझिलियंट चॅनल, १३ मिमी आणि टाइप एक्स, म्हणजे आग जास्त वेळ अडवणाऱ्या, ड्रायवॉलचा एक थर १६ मिमी. खाली ओलावा अडवणारे सबफ्लोअर पॅनल २२ मिमी आणि व्हिनाइलच्या फळ्या ६ मिमी. एकूण ५७ गेले, उरले १९२४. सबफ्लोअर काढून टाकलं तरी १९४६ होतात, चार मिलिमीटर कमी. आणि स्लॅब कधीच सगळीकडे सपाट नसतो. तो फ्लोअर ड्रेनकडे उतरता असतो, म्हणून निदान दहा ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. जॉइस्टखाली सात फूट, म्हणजे २१३४ मिमी, असतील तर काळजी नाही; ड्रायवॉलचे दोन थर दिले तरी बसतं.

उंची कमी पडली तर दोन उपाय आहेत. अंडरपिनिंगमध्ये पायाखाली खणून नवा पाया घालतात. भिंतीचे साधारण चार-चार फुटांचे तुकडे पाडून त्यांना आळीपाळीने १, २, ३ असे क्रमांक देतात. आधी सगळे १ खणून काँक्रीट करायचे, मग २, मग ३. लगतचे दोन तुकडे एकाच वेळी कधीही उघडायचे नाहीत. जुना पाया आणि नवं काँक्रीट यांच्यात दोन-तीन इंचांची फट ठेवून ती नंतर न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरतात. ही ठासणी घाईत झाली तर वरचं घर बसतं आणि विटांना जिन्यासारख्या तिरक्या चिरा जातात. दुसरा उपाय बेंचिंगचा. त्यात पायाला हात न लावता आतल्या बाजूने काँक्रीटचा कट्टा सोडून मधलीच जमीन खाली नेतात. खर्च बराच कमी, पण कडेची फूट-दीड फूट जागा जाते. दोन्हीला इंजिनिअरचा शिक्का लागतो. घर सेमी, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं, असेल तर सामायिक भिंतीखाली जाण्याआधी शेजाऱ्याची लेखी संमती घ्या.

पाणी

आमच्या मते अर्धं यश इथेच आहे. पाण्याचा बंदोबस्त व्हायच्या आत एकही स्टड (भिंतीच्या सांगाड्याची उभी लाकडी पट्टी) उभा करू नका.

शक्य असेल तर बेसमेंट मार्च-एप्रिलमध्ये तपासा. तेव्हा बर्फ वितळत असतो, माती खालून अजून गोठलेली असते आणि पाणी भिंतीकडे वळतं. भिंतीवरची पांढरी क्षाराची फुलं, फर्नेसच्या पायाचा गंज, जिन्याच्या खालच्या लाकडाचा काळा डाग, हे सगळं जुन्या पाण्याचं दप्तर आहे. स्लॅबवर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि निदान १६ तास ठेवा. खालच्या बाजूला थेंब धरले किंवा काँक्रीट गडद झालं, तर ओल जमिनीतून येते आहे आणि नुसता पंप लावून ती थांबणार नाही.

मग स्वस्त उपायांपासून सुरुवात करा. छताच्या पन्हळींचा पाइप भिंतीपासून किमान सहा फूट लांब न्या. घराभोवतीच्या मातीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. बऱ्याच ओल्या बेसमेंटचा आजार एवढ्यानेच बरा होतो. ओतीव काँक्रीटच्या भिंतीला उभी चीर असेल आणि तिथूनच पाणी येत असेल, तर पॉलियुरेथेनचं इंजेक्शन आतून देता येतं. ते ओल्या चिरेतही फुगून बसतं. इपॉक्सीला कोरडी चीर लागते.

ब्लॉकच्या भिंती मात्र वेगळ्या. पाणी ब्लॉकच्या पोकळीतून फिरतं, शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. तिथे बाहेरून पायापर्यंत खणून रबराचा थर, त्यावर उंचवट्यांची प्लास्टिक चादर आणि तळाशी नवी वीपिंग टाइल (पायालगतचं पाणी वाहून नेणारी नळी), हाच खरा इलाज. जुन्या घरांत वीपिंग टाइल मातीच्या नळ्यांची असते, मुळं आणि गाळाने बुजलेली. खणण्याआधी ओंटारियो वन कॉलकडून जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनींची खूण करून घ्या. ती मोफत असते.

आता गटाराचं पाणी. ८ जुलै २०१३ ला पिअर्सन विमानतळावर १२६ मिमी पाऊस झाला, १६ जुलै २०२४ ला जवळपास ९८. अशा दिवशी रस्त्याखालची लाइन भरते आणि पाणी उलटं फिरून सर्वांत खालच्या ड्रेनमधून घरात येतं. ते थांबवायला मुख्य लाइनवर बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवतात. तो एरवी उघडा राहणाऱ्या प्रकारचा घ्या, म्हणजे लाइनची हवा खेळती राहते. पण तो बंद झाला की आपल्या घराचं पाणीही बाहेर जात नाही. त्या वेळी वरच्या मजल्यावर कोणी आंघोळ केली किंवा वॉशिंग मशीन लावलं, तर ते सगळं पाणी खालच्या भाडेकरूच्या बाथरूममधून वर येतं. म्हणून मुसळधार पावसात नळ बंद ठेवायचे, ही सूचना वरच्या आणि खालच्या दोन्ही कुटुंबांना लेखी द्या. व्हॉल्व्हचं झाकण फ्लोअरिंगखाली पुरू नका. वर्षातून निदान एकदा तो उघडून साफ करावा लागतो, कारण केस आणि तुपकटपणाने त्याची झडप अडकते.

सम्प पंपाला, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाला, बॅटरीचा जोड द्या, कारण वादळात ऐन पावसातच वीजपुरवठा जातो. त्याचं पाणी अंगणात सोडा, सांडपाण्याच्या लाइनमध्ये नाही. व्हॉल्व्ह आणि पंपासाठी टोरांटोसह काही शहरं अनुदान देतात. अर्जाच्या अटी काम सुरू करण्यापूर्वी वाचा.

वाट

झोपायच्या खोलीच्या खिडकीतून माणूस बाहेर पडू शकला पाहिजे. उघडल्यावर किमान ०.३५ चौरस मीटर मोकळी जागा, आणि रुंदी-उंचीपैकी कुठलंही माप ३८० मिमीपेक्षा कमी नको. दोन्ही अटी एकदम पाळायच्या आहेत: रुंदी ३८० असेल तर उंची ९२० च्या वर लागते. सरकती खिडकी इथे फसवते. १२०० बाय ६०० ची स्लायडर कागदावर मोठी दिसते, पण उघडते निम्मीच. चौकट वजा करून साधारण ५५० बाय ५५०, म्हणजे ०.३० उरते. ती नापास. बाहेर उघडणारी ६०० बाय ९०० ची केसमेंट आकाराने लहान असूनही सहज पास होते. ऑर्डर देताना काचेचं माप देऊ नका, दुकानदाराकडून उघडी जागा लिहून घ्या.

पायाची भिंत कापताना आहे त्या खिडकीची रुंदी तीच ठेवून फक्त खाली कापा. वरचा लिंटेल जसाच्या तसा राहतो आणि काम निम्म्याने सोपं होतं. रुंदी वाढवली की नवा लिंटेल आला. उघडी जागा १.२ मीटरपेक्षा रुंद झाली तर इंजिनिअरही आला. जमिनीखालच्या खिडकीबाहेर खणलेल्या खड्ड्यात, म्हणजे विहिरीत (विंडो वेल), खिडकीसमोर ७६० मिमी मोकळी जागा ठेवा, तळाशी खडी भरा आणि तिथून एक उभा पाइप वीपिंग टाइलपर्यंत न्या. हा पाइप विसरला तर पहिल्याच वळवाच्या पावसात विहिरीची टाकी होते आणि पाणी थेट काचेवर. विहिरीवरचं झाकण आतून, हत्याराशिवाय, एका हाताने उचललं गेलं पाहिजे.

घराला बाजूचं दार असेल आणि ते जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उघडत असेल, तर तुमचे बरेच पैसे वाचले. तिथे वरच्या घराचं आणि खालच्या घराचं अशी दोन दारं करायची, मधला बोळ दोघांचा. दारं भरीव, २० मिनिटं आगीत टिकणारी आणि आपोआप बंद होणारी. जिन्याच्या दोन्ही भिंतींना आणि जिन्याच्या खालच्या बाजूलाही ड्रायवॉल हवी. ही खालची बाजू हमखास राहते.

बाहेरून खाली उतरणारा नवा जिना करायचा तर त्याच्या तळाखालीही दंवापासून चार फूट संरक्षण लागतं. जिना खणला म्हणजे घराचा पाया तिथे उघडा पडला. त्यालाही खाली न्यावं लागतं. तळाच्या पायरीपाशी ड्रेन हवा आणि दाराचा उंबरा त्या ड्रेनपेक्षा निदान सहा इंच उंच. अनेक शहरांत रस्त्यापासून या दारापर्यंत १.२ मीटर रुंद मोकळी वाट मागतात. दोन घरांमधली बोळकांडी तेवढी आहे का, ते आधी मोजा. गॅस मीटर आणि एसीचं युनिट मध्ये येतात.

स्लॅबखालची कामं

बाथरूम आणि स्वयंपाकघर एकमेकांना पाठ लावून, मुख्य उभ्या पाइपच्या जवळ ठेवा. प्रत्येक फुटाला पाव इंच उतार लागतो. बाथरूम १२ फूट लांब गेलं की पाइप ३ इंच खाली गेला, २४ फूट गेलं की ६ इंच. मुख्य लाइन तेवढी खोल आहे का, हे एक लहान खड्डा खणून आधी पाहा. काही घरांत मुख्य लाइन स्लॅबच्या वरून भिंतीतून बाहेर जाते. तिथे हवाबंद झाकणाचा खड्डा, सांडपाणी वर ढकलणारा इजेक्टर पंप आणि त्याची हवेची स्वतंत्र नळी, म्हणजे व्हेंट, लागते.

टॉयलेटला ३ इंची पाइप, शॉवरला २ इंची. स्लॅब आधी पाण्याच्या करवतीने दोन रेषांत कापा, मगच जॅकहॅमर. थेट हॅमर चालवला तर कडा फुटतात आणि चिरा खोलीभर पसरतात. चर दीड फूट रुंद पुरतो. पाइपखालची माती ठोकून घट्ट करा, नाहीतर सहा महिन्यांत ती बसते, पाइपला पोट सुटतं आणि उतार उलटा होऊन टॉयलेट वारंवार तुंबतं. प्रत्येक दोन फुटांवर लेव्हल ठेवून पाहा. काळा एबीएस आणि पांढरा पीव्हीसी हे प्लास्टिकचे पाइप एकाच सिमेंटने चिकटवू नका. जोड द्यावाच लागला तर त्यासाठीचं कपलिंग वापरा.

इन्स्पेक्टर येऊन पाण्याची चाचणी बघून जाईपर्यंत चर उघडाच ठेवायचा. मग खडी, प्लास्टिक, बाजूच्या स्लॅबमध्ये रोवलेल्या लहान सळ्या आणि काँक्रीट. २० फूट लांब, दीड फूट रुंद, ४ इंच जाड चराला १० घनफूट काँक्रीट लागतं. ३० किलोच्या पिशवीतून जेमतेम अर्धा घनफूट निघतं, म्हणून २२ पिशव्या आणा.

चर उघडा असतानाच ४ इंची रेडॉनचा पाइप खडीत टाकून त्याचं तोंड बंद करून ठेवा. रेडॉन हा मातीतून येणारा किरणोत्सारी वायू, त्याला वास नाही आणि रंगही नाही. कॅनडाची मर्यादा घनमीटरला २०० बेकरेल आहे. चाचणी हिवाळ्यात, दारं-खिडक्या बंद असताना, तीन महिन्यांची करतात. आकडा जास्त आला तर त्याच पाइपला पंखा जोडता येतो. आज पाइप टाकला नाही तर उद्या तयार फरशी फोडावी लागते.

तोडफोडीआधी आणखी एक गोष्ट पाहा. १९८० च्या आधीच्या घरात ९ इंची चौकोनी फरश्या, पाइपांवरची पांढरी गुंडाळी किंवा व्हर्मिक्युलाइट (ऊब राखायला भरलेले हलके खनिज दाणे) दिसलं तर ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. टोरांटोत १९५० च्या दशकाच्या मध्याआधीच्या घरांत पाण्याची जोडणी शिशाच्या पाइपची असू शकते. तीही याच वेळी बदला.

भिंतींना ऊब

काँक्रीटला टेकवून काचेच्या लोकरीचे गादे आणि त्यावर प्लास्टिक, ही जुनी पद्धत बुरशीला आमंत्रण देते. खोलीतली दमट हवा फटींतून मागे जाते, थंड काँक्रीटवर तिचं पाणी होतं आणि ते गाद्यात मुरतं. गुलाबी किंवा निळा दोन इंची एक्सपीएस फोम थेट काँक्रीटला चिकटवा, सगळे सांधे टेपने बंद करा, मग दोन बाय चारचे स्टड आणि त्यात गादे. दोन इंची फोमची आर किंमत, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, १० असते. त्यापुढे पुन्हा प्लास्टिक लावायचं का, हे नकाशावर डिझायनरकडून लिहून घ्या. दोन्हीकडून कोंडलं तर मधलं लाकूड सुकत नाही. २० बाय ३५ फुटांच्या बेसमेंटचा घेर ११० फूट. साडेसात फूट उंची धरली तर ८२५ चौरस फूट. दोन बाय आठच्या ५५ पाट्या लागतील. जमिनीला टेकणारी लाकडी पट्टी प्रेशर ट्रीटेड घ्या आणि तिच्याखाली फोमची गॅस्केट घाला. जॉइस्ट पायावर जिथे टेकतात ती कड मात्र स्प्रे फोमने भरा. हिवाळ्यात सर्वांत जास्त गार वारा तिथूनच येतो. फोम उघडा ठेवायचा नाही, तो पेट घेतो. फर्नेसच्या खोलीतही त्यावर ड्रायवॉल हवी.

आग आणि आवाज

वरच्या आणि खालच्या घरात आग अडवणारा अखंड पडदा हवा. पाच वर्षांपेक्षा जुन्या घरात सहसा ३० मिनिटांचा मागतात, नव्यात ४५. नकाशावर ज्या रचनेचा क्रमांक आहे तीच करायची, त्यात मनाने बदल नाही. साधारण रचना अशी: जॉइस्टच्या मध्ये दगडी लोकर, खाली आडव्या रेझिलियंट चॅनल, त्यावर ५/८ इंची टाइप एक्स ड्रायवॉल.

७०० चौरस फुटांना ६० चौरस फुटी पिशवी धरली तर लोकरीच्या १२ पिशव्या, १६ इंच अंतराने १२ फुटी चॅनल ४८ आणि चार बाय आठच्या ड्रायवॉलच्या २५ पाट्या लागतात. स्क्रू १ इंची, बारीक आट्यांचे. सव्वा इंची स्क्रू जॉइस्टच्या बरोबर खाली आला तर चॅनल ओलांडून लाकडात घुसतो, आणि वरच्या मुलांच्या धावण्याचा आवाज त्या एका स्क्रूवाटे थेट खाली येतो. असे दहा-बारा स्क्रू चॅनलचा सगळा खर्च वाया घालवतात. चॅनलची मोकळी बाजू कुठल्या दिशेला ठेवायची, हेही पाकिटावर पाहून घ्या.

छताची ड्रायवॉल आधी, खोल्यांच्या मधल्या भिंती नंतर. मग पडदा भिंतींच्या डोक्यावरूनही सलग जातो. घाईत उलटं करतात आणि प्रत्येक भिंतीच्या वर एक पोकळ बोगदा राहतो.

पडद्याला पडलेलं प्रत्येक छिद्र बुजवा. तारांभोवती अग्निरोधक सीलंट, प्लास्टिकच्या सांडपाणी पाइपभोवती फुगणारी कॉलर. प्लास्टिक वितळलं की तिथे तीन इंची भोक पडतं, आणि कॉलर फुगून तेच बंद करते. छतात खुपसलेले गोल दिवे हे त्या पडद्याला पाडलेलं भोकच. अग्निरोधक मान्यतेचे दिवे घ्या, किंवा सरळ छताला चिकटून बसणारे लावा.

स्मोक अलार्म दोन्ही घरांत, प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक झोपायच्या खोलीत, सगळे एकमेकांना जोडलेले. खाली धूर झाला की वरही वाजला पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर.

फर्नेस एकच ठेवायची असेल तर डक्टमध्ये स्मोक डिटेक्टर बसवून, धूर लागताच पंखा आणि इंधन बंद होईल अशी जोडणी करतात. कायद्याने ते चालतं. तरी आमचा कल खाली स्वतंत्र हीटिंगकडे आहे. सामायिक डक्टमधून हिंगाची फोडणी, सर्दी-खोकला आणि भांडणं, सगळं दोन्ही घरांत फिरतं, आणि थर्मोस्टॅट वरच्यांच्या हातात राहतो. नीट ऊब दिलेल्या १२० चौरस फुटी खोलीला १००० ते १२५० वॅटचा बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसणारा विजेचा हीटर, पुरतो. काहीही केलं तरी शेगडीवरचा हूड बाहेर सोडा. कोळशाच्या जाळीतून हवा परत खोलीत फेकणारा हूड आपल्या स्वयंपाकाला कामाचा नाही. रोजच्या कुकरची वाफ बेसमेंटच्या भिंतींवर बसते.

वीज

ओंटारियोत हे काम परवानाधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरकडूनच करून घ्या. त्याची तपासणी ईएसए (इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटी) करते, शहराचा इन्स्पेक्टर नाही. घराला १०० अँपिअरची जोडणी असेल तर आधी लोडचं गणित मांडून घ्या: दोन शेगड्या, एसी, बेसबोर्ड आणि गाडीचा चार्जर एकत्र आले की २०० लागतातच. खाली वेगळा सबपॅनल (ब्रेकरची पेटी) द्या, म्हणजे ब्रेकर उडाला तर भाडेकरूला तुमचं दार ठोठवावं लागणार नाही. शेगडीला ४० अँपिअर आणि ८ गेजची तार, ओट्यावरच्या प्लगना २० अँपिअर आणि १२ गेज, फ्रिजला स्वतंत्र सर्किट. सिंकपासून दीड मीटरच्या आतला प्लग जीएफसीआय, म्हणजे विजेची गळती होताच बंद होणारा, हवा. आपल्याकडे मिक्सर, इन्स्टापॉट आणि किटली एकदम चालतात, म्हणून शेजारशेजारचे प्लग एकाच सर्किटवर घेऊ नका.

कागद

तपासण्या साधारण या क्रमाने येतात: स्लॅबखालची प्लंबिंग, फ्रेमिंग, भिंतीतली प्लंबिंग आणि डक्ट, इन्सुलेशन, अग्निरोधक पडदा, शेवटची. मधली एक चुकवून ड्रायवॉल मारली तर इन्स्पेक्टर ती काढायला लावू शकतो आणि ते योग्यच आहे. भिंत बंद करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा आणि छताचा फोटो टेप धरून काढा. पुढे खिळा ठोकताना, गळती शोधताना, घर विकताना ते फोटो कामाला येतात.

भाडेकरू येण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा. प्रांताचा ठरलेला भाडेकरार वापरा. इथे आपल्याकडच्यासारखं डिपॉझिट घेता येत नाही. फार तर शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं, नुकसानीपोटी रक्कम अडकवणं बेकायदा आहे. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या बहुतेक नव्या बेसमेंट घरांना वार्षिक भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू होत नाही, पण ९० दिवसांची लेखी सूचना आणि वर्षातून एकदाच वाढ हे नियम लागू राहतात. भाड्याचं उत्पन्न प्राप्तिकराच्या टी७७६ अर्जावर दाखवायचं असतं. घसारा घेण्याआधी सीपीएला (इथल्या सनदी लेखापालाला) विचारा, कारण घर विकताना त्याचा परिणाम मुख्य घराच्या करसवलतीवर होऊ शकतो.

आणि करारासोबत एक पान जोडा: पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, पॅनल कुठे आहे, झोपायच्या खोलीची खिडकी पूर्ण कशी उघडते, विहिरीचं झाकण कसं उचलायचं, मुसळधार पावसात नळ का बंद ठेवायचे. किल्ली देताना ती खिडकी भाडेकरूकडून एकदा स्वतःच्या हाताने उघडून घ्या.